टक्केवारीतले भूजल

कडेगाव तालुक्यात जमिनीखाली पाणी किती आहे, या प्रश्नाचे उत्तर सरकारदरबारी एका टक्केवारीत मिळते. पाणलोट क्षेत्रात दरवर्षी मुरणाऱ्या आणि वापरता येणाऱ्या पाण्यापैकी किती उपसले जाते, हे ती टक्केवारी सांगते. ७० टक्क्यांपर्यंत पाणलोट ‘सुरक्षित’, ९० पर्यंत ‘अंशतः शोषित’, १०० पर्यंत ‘शोषित’ आणि त्यापुढे ‘अतिशोषित’. विहिरीसाठी कर्ज अथवा अनुदान मिळणार की नाही, हे पुष्कळदा या शिक्क्यावर ठरते. म्हणून हा आकडा येतो कुठून, हे शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी एकदा मांडून पाहावे. त्याला नववीचे गणित पुरते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडले आहेत, म्हणजे एकेक पाणलोट सरासरी २०० चौरस किलोमीटरचा. ठरावीक निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या पातळीतला फरक समजा ३ मीटर आला. आता २०० चौरस किलोमीटर गुणिले ३ मीटर हे झाले खडकाचे आकारमान. त्यातले पाणी किती हे कळायला खडक किती टक्के पाणी सोडतो ते ठाऊक हवे. झिजलेल्या बेसॉल्टसाठी १९९७च्या केंद्रीय समितीने २ टक्के हा आकडा सुचवला आणि १ ते ३ टक्के ही मर्यादा दिली. २ टक्के धरल्यास पाणी १ कोटी २० लाख घनमीटर. उपसा १ कोटी ५ लाख असेल, तर टक्केवारी सुमारे ८८; पाणलोट ‘अंशतः शोषित’. तोच आकडा ३ टक्के धरा, टक्केवारी ५८ वर येते आणि पाणलोट ‘सुरक्षित’ होतो. १ टक्का धरा, तर १७५! विहिरी त्याच, पाऊस तोच, उपसाही तोच. (प्रत्यक्ष हिशेबात आणखी काही जमा-वजावटी असतात, त्या येथे सोडून दिल्या आहेत.)

समितीने आकडा सुचवला यात गैर काही नाही. जिथे मोजणी झालेली नाही तिथे काहीतरी धरावेच लागते. आक्षेप आहे तो उत्तराबरोबर ही अनिश्चितता न छापण्याला. आपल्या प्रयोगवहीत विद्यार्थ्याने मोजपट्टीची चूक लिहिली नाही तर आपण गुण कापतो. येथे मात्र तीनपट फरक पाडू शकणारी गोष्ट तळटीपेतही दिसत नाही.

आणि आपला कातळ एकजिनसी थोडाच आहे? वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली घट्ट काळा दगड, मध्येच गेरूचा तांबडा पट्टा. पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींपैकी एक भरलेली आणि दुसरी कोरडी असणे कडेगावकराला नवीन नाही. राज्यात निरीक्षण विहिरी सुमारे चार हजार. म्हणजे एका विहिरीने जवळजवळ ८० चौरस किलोमीटरची साक्ष द्यायची. शिवाय यांतील पुष्कळ विहिरी खोदलेल्या, उथळ आहेत. उपसा मात्र विंधन विहिरींतून, कितीतरी अधिक खोलीवरून होतो. वरच्या विहिरीत पाणी दिसते म्हणून खालचा साठा शाबूत आहे, असा अर्थ निघत नाही.

येरळेची वाळू हा याच हिशेबाचा भाग आहे. वाळू सुमारे १६ टक्के पाणी सोडते, म्हणजे १ मीटर वाळूतले पाणी ८ मीटर मुरमाइतके. १९८०च्या दशकात तेव्हाच्या खानापूर तालुक्यात बळवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून वाळूच्या बेबंद उपशाविरुद्ध लढा दिला आणि बळीराजा स्मृती धरण बांधले. विहिरींचे पाणी नदीच्या वाळूवर अवलंबून आहे, हे त्यांना कोणत्याही सूत्राआधी कळले होते.

आता ताकारी आणि टेंभू या उपसा योजनांमुळे कृष्णेचे पाणी या भागात आले आहे. उसाला दिलेल्या पाण्याचा काही भाग मुरतो आणि विहिरींची पातळी चढते. हे पाणी हिशेबात धरण्याची सोय पद्धतीत आहे, पण तीही ठोकताळ्याची. २०१४ नंतर बंधारे आणि नाला खोलीकरणाची कामे झाली, आणि पातळी चढल्याचे श्रेय काही ठिकाणी त्यांना दिले गेले. शेजारचे, कालवा न पोहोचलेले पण बंधारे असलेले गाव तुलनेला घेतल्याशिवाय हे श्रेय कोणाचे ते ठरवता येत नाही. ही साधी तुलना अहवालांत शोधावी लागते.

गुणवत्तेचा भाग तर सर्वांत दुबळा. उसाच्या पट्ट्यात मुरणारे पाणी खतातला नायट्रेट बरोबर नेते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतो. त्याहून अधिक असेल तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट थोडा दाटतो. समजा दहा विहिरींपैकी आठ विहिरींत २० आणि दोनांत १२० मिलिग्रॅम आढळला. सरासरी ४०. ‘तालुक्यातील नायट्रेट मर्यादेत’ असे वाक्य यातून सहज लिहिता येते, आणि त्या दोन विहिरींवर पाणी भरणाऱ्या घरांना काहीच कळत नाही.

एकक हाही एक घोळच आहे. काही प्रयोगशाळा नायट्रेट म्हणून आकडा देतात, काही त्यातल्या नायट्रोजनचा. नायट्रोजन १२ मिलिग्रॅम असेल तर नायट्रेट होतो १२ गुणिले ६२ भागिले १४, म्हणजे ५३. तक्त्यात नुसते ‘१२’ दिसले तर वाचणारा निर्धास्त होतो. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागून हा रकाना आधी पाहावा; एकक छापलेले नसेल तर प्रयोगशाळेला लेखी विचारावे.