हलगी कोणी खाली ठेवली?

लोकवाद्यांवरचे मराठी लेखन वाचताना मला एक प्रश्न सतत पडतो: वाद्याचे वर्णन होते, पण वाजवणारा कुठे जातो? हलगीचेच घ्या. लोखंडी वा लाकडी कडे, त्यावर ताणलेले शेळीचे कातडे, एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्यात लांब बारीक काडी. वाजवण्याआधी कातडे जाळावर शेकायचे. एवढे बहुतेक लेखांत असते. मग 'ही परंपरा लोप पावत चालली आहे' असा उसासा टाकून लेख संपतो. माझा आक्षेप या उसाशाला आहे.

तुलनेसाठी फार दूरचे एक वाद्य घेतो. ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांचे 'किलात' हे हलगीच्याच कुळातले, चौकटीवर एकाच बाजूने कातडे ताणलेले. त्याला मूठ असते, कातडे ध्रुवीय अस्वलाच्या जठराचे, आणि काठी कातड्यावर नव्हे, चौकटीच्या कडेवर मारतात. दोघांचे भांडण झाले की ते हे वाद्य घेऊन सगळ्या वस्तीसमोर एकमेकांची टिंगल करणारी गाणी म्हणत; लोकांचे हसणे हाच निवाडा. (आपला कलगी-तुरा आठवावा, मात्र तिथे शक्ती मोठी की शिव, हा वाद.) १७२१ मध्ये हान्स एगेडे हा धर्मप्रचारक तिथे उतरला, आणि पुढे मिशनऱ्यांच्या दडपणाखाली पश्चिम किनाऱ्यावर हे वादन जवळपास बंद पडले; पूर्वेला आणि उत्तरेला टिकले. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथे 'जतन' या शब्दाला अर्थ आहे. जे दडपले गेले, ते लोकांनी परत हाती घेतले.

हलगी अशी कोणी दडपली नाही. कित्येकांनी ती आपण होऊन खाली ठेवली.

गावगाड्यात हलगी वाजवणे हा मातंगांचा 'मान', दवंडी देणे हे महारांचे काम. मान कसला? देवीची पालखी हलगीशिवाय हलत नसे, आणि हलगीवाल्याला देवळाची पायरी चढता येत नसे. लग्नात सगळ्यांत आधी त्याला बोलावणे, जेवण सगळ्यांत शेवटी, तेही मांडवाबाहेर. १९२७ साली महाडला मृत मांस आणि उष्टे-शिळे सोडण्याचा निर्धार झाला. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी गावकीची कामेच नाकारली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. या नकाराला 'ऱ्हास' म्हणणारा अभ्यासक नेमका कोणाच्या बाजूने उभा असतो? आणि नकार वाद्याला नव्हता. १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा डफ शाहिरांच्या हातात होताच. कधी, कशासाठी वाजवायचे, हे तिथे वाजवणारा ठरवत होता.

म्हणून मला आमचा अंबरनाथ–उल्हासनगर–बदलापूर पट्टा अभ्यासाला सोयीचा वाटतो. उल्हासनगर ही फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांची छावणी, १९४९ मध्ये नाव मिळालेले शहर. छावणीत गावगाडा नव्हता. वाजवणे कोणाचे जन्मजात कर्तव्य नव्हते. इथे हलगी सुपारीवर वाजते, दर आधी ठरतो. पथकांत आता बरेचदा प्लास्टिकचे पान दिसते. ते शेकावे लागत नाही, पावसात उतरत नाही. नाद पातळ झाला, हे जाणकारांचे म्हणणे खरे आहे. मलाही तो टोचतो. पण मेलेल्या जनावराच्या कातड्याशी ज्यांची जात शतकानुशतके जोडली गेली, त्यांच्या हातात प्लास्टिकचे पान आले, याची नोंद फक्त 'अस्सलपणा गेला' एवढीच करणे हे अर्धेच संशोधन आहे.

बदलापुरात माझ्या माहितीतल्या एका वादकाच्या घरी दोन्ही हलग्या एकाच खुंटीवर असतात. सुपारीला तो प्लास्टिकची नेतो. कातड्याची फक्त घरच्या देवीपुढे काढतो, आणि तिथे पैसे घेत नाही.