थांबवून पाहायचे गाणे

बॉय बँडच्या लोकप्रियतेचा विषय निघाला, की आपली समीक्षा ‘देखणे चेहरे’ एवढे म्हणून मोकळी होते. हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. देखणे चेहरे २००१ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘अ बँड ऑफ बॉइज’कडेही होते. पाच तरुण, त्यांतली हळदीपूर, भोसले ही आडनावे तर आपल्या शेजारपाजारची. ‘मेरी नींद’ गाजले, २००४ मध्ये त्यांना घेऊन ‘किस किस को’ हा चित्रपटही आला. तरीही, आज कोरियाच्या बीटीएसभोवती आहे तसा अर्थ लावत बसणारा प्रेक्षक त्यांच्याभोवती जमला नाही. का?

माझ्या मते फरक पाहण्याच्या रीतीत आहे. त्या काळी कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींत गाणे केबलच्या वायरीतून येई. वाहिनी दाखवील तेव्हा आणि एकदाच. ते थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे. म्हणून व्हिडिओला सारे पहिल्याच नजरेत पटवावे लागे: एकसारखा नाच, कॅमेऱ्यात रोखलेली नजर, आणि प्रत्येक आवडीसाठी एक असे पाच वेगळे चेहरे. प्रेक्षकाने करायचे ते एवढेच, की त्यांतला एक निवडायचा.

बीटीएस हा सात जणांचा गट २०१३ साली आला, तो मोबाइलच्या पडद्यावरच वाढला. फेब्रुवारी २०१७ मधला त्यांचा ‘स्प्रिंग डे’ हा व्हिडिओ घ्या. बर्फ, निर्जन स्टेशन, रुळाला कान लावणारा मुलगा, आगगाडीचा डबा, कपड्यांचा ढीग. माझी भाची डोंबिवलीत बारावीला आहे. तिने मला हा व्हिडिओ दाखवला तेव्हा मध्येच म्हणाली, “मामा, थांबव. मागची पाटी वाच.” पाटीवर ‘ओमेलास’ असे नाव होते. अर्सुला ले ग्विन यांच्या १९७३ मधल्या कथेतले हे सुखी शहर. त्याचे सगळे सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलाच्या यातनांवर उभे असते. त्या पाटीपायी भाचीने कथा शोधून वाचली होती. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने तिला तिथवर नेले नव्हते.

याच व्हिडिओतल्या फिरत्या पाळण्यावर पिवळ्या फिती आहेत. १६ एप्रिल २०१४ रोजी कोरियात ‘सेवोल’ ही बोट बुडाली, ३०४ माणसे गेली. त्यांत बहुसंख्य सहलीला निघालेले विद्यार्थी होते. पिवळी फीत ही त्यांच्या स्मरणाची खूण. मोठ्यांनी वाऱ्यावर सोडलेली ती मुले आणि तळघरातला तो मुलगा यांचा धागा चाहत्यांनी जोडला. आता पाटी वाचल्यावर गाणे बदलते, फीत ओळखल्यावर पुन्हा बदलते. आकर्षण इथे चेहऱ्यापाशी सुरू होते आणि वाचनापाशी टिकते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पुन्हा पुन्हा पाहणे म्हणजे कंपनीच्या खात्यात पुन्हा पुन्हा भर. गूढ हे विक्रीचे साधन झाले, तर शोकही माल होतो. हा धोका मला खरा वाटतो. पण व्हिडिओ येण्याच्या महिनाभर आधी या गटाने आणि त्यांच्या कंपनीने सेवोलग्रस्त कुटुंबांना दहा कोटी वॉन दिल्याचे जाहीर झाले होते. त्यामुळे ती फीत मला निव्वळ सजावट मानता येत नाही. व्यापार आणि शोक एकाच चौकटीत आहेत; एकामुळे दुसरा खोटा ठरत नाही.

ठाण्यापलीकडच्या मुलींना हा व्हिडिओ परका का वाटत नाही, याचे उत्तर मला रुळांत सापडते. तो पाहिला जातो लोकलमध्ये, दिवा-मुंब्रा ओलांडताना. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले, काही दगावले. दुसऱ्या दिवशी गाड्या भरूनच धावल्या. या मुली ज्या डब्यात उभ्या असतात, त्यातून माणसे परतत नाहीत, हे त्यांना ठाऊक असते.

मराठी गाण्याच्या व्हिडिओत लोकल येते ती बहुधा दोघांच्या नजरानजरेपुरती. रुळांवर गेलेल्यांसाठी एखादी खूण, थांबवून वाचावी अशी एखादी पाटी मला तिथे दिसलेली नाही. पोरींना कोरियाचे वेड लागले म्हणून हसणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे: त्यांना वाचता येईल असे आपण काय चित्रित केले?