जोन क्लार्क यांना कोणी निवडले?

संगणक सुरक्षेच्या क्षेत्राकडे मुलींचे लक्ष वेधायचे असेल, तर शाळेत दाखवण्याजोगा एक चित्रपट म्हणजे ‘द इमिटेशन गेम’ (२०१४). दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांच्या गटात जोन क्लार्क ही गणिती स्त्रीही होती, हे त्यातून चांगले ठसते. मात्र एका ठिकाणी चित्रपट सत्य सोडतो, आणि नेमके तेच ठिकाण शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

चित्रपटातील जोन शब्दकोड्याच्या स्पर्धेतून पुढे येते. प्रत्यक्षात त्यांची निवड केली ती केंब्रिजमध्ये त्यांना भूमिती शिकवणाऱ्या गॉर्डन वेल्चमन यांनी. जून १९४० मध्ये त्या ब्लेचली पार्क येथे रुजू झाल्या, त्याही कारकुनी कामावर. लवकरच त्या ट्युरिंग यांच्या विभागात आल्या. पुढे वेतन वाढवण्यासाठी त्यांची नोंद ‘भाषातज्ज्ञ’ अशी करावी लागली. कारण या कामात स्त्रियांसाठी वरचे पदच नव्हते! १९४४ मध्ये त्या विभागाच्या उपप्रमुख झाल्या.

शब्दकोड्याचा प्रसंग रंजक आहे. पण बुद्धी आपली वाट आपणच काढते, असा समज त्यातून होतो. यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकीसारख्या गावात एखाद्या मुलीची अवयव पाडण्यातील हुशारी प्रथम दिसते ती गणिताच्या शिक्षकांना. मोठ्या संख्येचे मूळ अवयव काढणे अवघड असते, यावरच आजच्या संगणकीय गुप्ततेची एक प्रचलित पद्धत आधारलेली आहे, हे तिला सांगणारे कोणीतरी हवे.

चित्रपट जरूर दाखवावा. नंतर वेल्चमन यांची गोष्टही सांगावी.