मस्करीची कुस्करी

दिवाळीच्या फराळात चिवड्याचे जे स्थान, तेच दिवाळी अंकात विनोदाचे. या विनोदाच्या एका जातीविषयी मला थोडे लिहायचे आहे. स्नेह्यासोबत्यांनी एकमेकांची चालविलेली थट्टा, ही ती जात. आरंभी तिची गोडी दोघांनाही असते. मग एकाचे उत्तर, दुसऱ्याचे प्रत्युत्तर, आणि एके दिवशी मस्करीची कुस्करी! ती नेमकी कोण करतो?

मराठी वाङ्मयात या प्रश्नाचा अभ्यास करायचा तर आचार्य अत्र्यांकडे जावे लागते. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी एकत्र जमत, चहा पीत आणि कविता वाचीत. त्यांच्याच पिढीतला, त्याच पुण्यातला एक शाळामास्तर 'केशवकुमार' या नावाने पुढे आला आणि १९२५ साली त्याने 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह काढला. माधव जूलियनांच्या फार्शी शब्दांची हौस, प्रेमातले सुस्कारे, कवींचा एकंदर थाटमाट, यांतले काहीही अत्र्यांनी सोडले नाही. तरी आज शंभर वर्षांनंतरही ती फुले कोमेजलेली वाटत नाहीत. याचे कारण मला असे दिसते की, तेथे थट्टा कवितेची आहे. वृत्त कोठे लचकते, शब्द कोठे उसना वाटतो, हे ज्याला त्या कवींइतकेच कळते, त्यालाच असे विडंबन साधते. अशा थट्टेखाली एक छुपा आदर असतो. आणि वाचकालाही हसण्यासाठी मूळ कविता ठाऊक असावी लागते. म्हणजे त्या हसण्यात काही अभ्यास आहे!

मौज अशी की, या थट्टेने कोणाचे काही बिघडले नाही. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश त्याच १९२५ सालचा. पुढे १९३६ साली ते जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९३८ साली 'छंदोरचने'साठी त्यांना मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. एक तोटा मात्र झाला, आणि तो आम्हा वाचकांकडून झाला. मूळ कविता न वाचताच विडंबनावर हसणारे लोक पुढे निपजले. ज्याने 'विरहतरंग' उघडलेही नाही, तोही माधव जूलियनांचे नाव निघताच हसू लागला. कुस्करीचे बीज मला या फुकटच्या हसण्यात दिसते.

अत्रे आणि ना. सी. फडके यांच्या वादात हे बीज चांगलेच रुजले. दोघेही पेशाने शिक्षक, दोघेही मोठे लेखक. फडके १९४० साली रत्नागिरीच्या संमेलनाचे अध्यक्ष, तर अत्रे १९४२ साली नाशिकच्या. फडक्यांचा कलावाद आणि वि. स. खांडेकरांचा जीवनवाद यांचा झगडाही त्याच काळातला. पण त्यातून वाचकाला विचार करायला काही मिळाले. अत्रे-फडके वादात टीका कादंबरीवरून घसरली ती थेट माणसावर आली. कादंबरीतला दोष लेखक पुढच्या कादंबरीत सुधारू शकतो. स्वतःच्या स्वभावाची, राहणीची, रूपाची चारचौघांत टिंगल झाली तर त्याने काय सुधारावे? त्याच्यापाशी एकच उत्तर उरते, ते म्हणजे अधिक जोराचा फटका.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे आणि प्रबोधनकार ठाकरे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. १९६० साली राज्य झाले, 'मार्मिक' निघाले, आणि काही वर्षांतच अत्र्यांचा 'मराठा' आणि 'मार्मिक' एकमेकांवर तुटून पडले. एकीकडे लेखणी, दुसरीकडे कुंचला. दोन्ही अस्सल, दोन्ही धारदार! पण त्या धारेला पाणी कोणी दिले? सकाळी अंक हाती पडताच 'आज काय हाणले आहे' म्हणून आधी तेच पान उघडणाऱ्या वाचकाने. मूळ मतभेद कशावरून, हे त्या वाचकाला विचाराल तर सांगता येणार नाही. टोपणनावे मात्र त्याला पाठ असतात.

आपल्या भाषेत आपसातल्या भांडणाला 'यादवी' म्हणतात. ती कथाही चेष्टेनेच सुरू होते. सांबाला गर्भवतीचे सोंग देऊन यादवपोरांनी ऋषींची थट्टा केली आणि शाप पदरी घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मौसलपर्वातला शेवटचा प्रसंग अधिक बोलका आहे. प्रभासक्षेत्री मद्यपान चालले असता सात्यकीने कृतवर्म्याला टोमणा मारला, की झोपलेल्यांना मारणारा हा कसला क्षत्रिय! त्यावर प्रद्युम्नाने त्या बोलण्याची वाहवा केली. मग कृतवर्म्याने सात्यकीचे जुने पाप काढले, तलवार निघाली आणि कुळ बुडाले. व्यासांनी प्रद्युम्नाची ती दाद मुद्दाम नोंदवून ठेवली आहे, असे मला नेहमी वाटते.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. माझी समीक्षा बरीचशी वर्गातच शिकलेली. आमच्या खराडीत आता शेतकऱ्याचा, संगणकवाल्या साहेबाचा आणि पहारेकऱ्याचा मुलगा एका बाकावर बसतात. अशाच दोन जिवलगांचे एकदा चेष्टेचे युद्ध जुंपले. एकाने दप्तर बाकाला बांधले, दुसऱ्याने डब्यातल्या पोळीच्या जागी वहीचा कागद घडी करून ठेवला. आठ दिवस दोघेही हसत होते. नवव्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सारा वर्ग भोवती गोळा होऊ लागला, "आज कोणाची पाळी?" आता प्रेक्षकांना रोज नवे काही हवे झाले. शेवटी एकाने दुसऱ्याच्या वडिलांच्या पहारेकऱ्याच्या गणवेशाची नक्कल केली. वर्ग खदखदून हसला. ज्याची नक्कल झाली तो हसला नाही, आणि त्याच्याहून वाईट म्हणजे, नक्कल करणाराही मनापासून हसला नाही. दोघांचे बाक तेव्हापासून वेगळे आहेत.

तात्पर्य, मस्करीचे दोन धनी असतात. कुस्करीचा धनी तिसरा, टाळी देणारा. दोघेच असते तर एकाचा चेहरा उतरलेला दुसऱ्याला दिसला असता. भोवती गर्दी झाली की तो गर्दीकडे पाहू लागतो. म्हणून विनोदाची समीक्षा करताना लेखकाइतकीच श्रोत्यांचीही परीक्षा घ्यावी, असे माझे मत आहे. अत्र्यांसारख्या समर्थ लेखणीला 'झेंडूची फुले' लिहायला लावणारा वाचकही मराठी होता, आणि पुढे तिच्याकडून शिव्यांची फर्माईश करणाराही मराठीच.

या दिवाळीत आपल्या घरीही चार स्नेही जमतील, जुन्या खोड्या निघतील. खुशाल हसावे! फक्त ज्याच्यावर हसतो आहोत तोही हसतो आहे ना, एवढे टाळी देण्यापूर्वी पाहावे.