मागून उघडायचे ग्रंथ

बॅप्टिस्ट परंपरेतला ईश्वरविज्ञानाचा ग्रंथ विकत घ्यायचा असेल, तर तो मागून उघडावा. शास्त्राचा अधिकार, त्र्यैक्य, ख्रिस्ताचं व्यक्तित्व, तारण ही पुढची प्रकरणं इतर प्रॉटेस्टंट घराण्यांच्या ग्रंथांशी बरीचशी जुळतात. बॅप्टिस्ट वेगळे झाले ते शेवटच्या प्रकरणांतल्या दोन प्रश्नांवर : मंडळी म्हणजे कोण, आणि बाप्तिस्मा कुणाला द्यायचा. १६०९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जॉन स्मिथने बालपणीचा बाप्तिस्मा नाकारला आणि आपला बाप्तिस्मा आपणच केला. त्याचा सहकारी थॉमस हेल्विस इंग्लंडला परतला, राजाची सत्ता माणसाच्या विवेकावर चालत नाही असं लिहिता झाला आणि तुरुंगात गेला. एवढी किंमत देऊन मिळवलेल्या मताला त्यांच्या वंशजांच्या ग्रंथांत कुठे आणि किती जागा मिळते, हे आधी बघावं. बहुधा निराशा होते.

सुरुवातीलाच जॉन गिल भेटतो. लंडनमधल्या एकाच मंडळीचा तो पन्नासहून अधिक वर्षं पाळक होता. हिब्रू आणि रब्बींच्या वाङ्मयात मुरलेला हा माणूस. त्याचा सिद्धान्तग्रंथ १७६९ चा. देवाच्या अनादि संकल्पांवर गिल लिहू लागला की थांबतच नाही. मंडळीचा विषय मात्र त्याने पुढच्या वर्षीच्या, आचरणावरच्या खंडात ढकलला. ही वाटणी पुढे शंभर वर्षं पुरली. जॉन डॅगने १८५७ मध्ये ‘मॅन्युअल ऑफ थिऑलॉजी’ लिहिलं आणि मंडळीच्या व्यवस्थेसाठी वेगळं पुस्तक केलं. जेम्स बॉइसने तर कमाल केली. त्याच्या १८८७ च्या ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’मध्ये मंडळीवर प्रकरणच नाही. त्याच्या सेमिनरीत तो विषय वेगळा शिकवला जात असे, हे कारण खरं असेल. पण बाप्तिस्म्याविना बॅप्टिस्ट ग्रंथ उभा राहू शकतो, हेही त्यातून सिद्ध झालं. बॉइस प्रिन्स्टनला प्रेस्बिटेरियन चार्ल्स हॉजच्या हाताखाली शिकला होता. आराखडा तिथून आला आणि त्यातून नेमका घरचा विषय गळला.

डॅगचं गद्य आजही वाचावंसं वाटतं. दृष्टी जवळपास गेलेल्या माणसाने ते लिहिलं. प्रत्येक सिद्धान्ताआधी तो वाचकाला त्या सिद्धान्तापोटी येणारं कर्तव्य सांगतो. याच डॅगने नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात गुलामगिरीचं समर्थन केलं. बॉइस गुलामांचा मालक होता. त्याने उभारलेल्या सेमिनरीने २०१८ च्या अहवालात हे उघड मांडलं. असे ग्रंथ फेकून द्यावेत असं मी म्हणत नाही. देवाची सार्वभौमता बिनचूक मांडणाऱ्याला शेतात राबणाऱ्या माणसाविषयी काहीच कसं सुचलं नाही, हा प्रश्न मात्र ग्रंथाच्या रचनेलाच विचारायला हवा.

ऑगस्टस स्ट्राँग वेगळ्या कुळीचा. रॉचेस्टरच्या सेमिनरीचा चाळीस वर्षं प्रमुख. १८८६ चं त्याचं पुस्तक आवृत्तीगणिक फुगत गेलं. १९०७ पासूनच्या शेवटच्या आवृत्तीत मुख्य विधानं मोठ्या टाइपात आणि त्यांखाली बारीक टाइपात कवी, तत्त्वज्ञ, शास्त्रज्ञ यांची अवतरणं. उत्क्रांतीला तो घाबरला नाही. सिद्धान्त पटो न पटो, त्या बारीक टाइपासाठी स्ट्राँग घ्यावा. पुढे मलिन्स या आणखी एका बॅप्टिस्ट लेखकाने १९१७ च्या ग्रंथात विश्वासणाऱ्याच्या अनुभवापासून सुरुवात केली. त्याचा प्रभाव मोठा, पुस्तक मात्र आता फिकं वाटतं.

मराठी वाचकाचा या परंपरेशी जुना धागा आहे, पण तो भाषेच्या वाटेने. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा. कॅरीला पाठवणाऱ्या संस्थेचा चिटणीस अँड्र्यू फुलर. गिलच्या अनुयायांत सर्वांना सुवार्ता सांगण्याबद्दल जो आखडता हात होता, तो फुलरने १७८५ च्या पुस्तकाने सोडवला. आयुष्याच्या अखेरीस त्याने मित्र रायलंडला पत्रांतून संपूर्ण ईश्वरविज्ञान लिहायला घेतलं : वधस्तंभ मध्यभागी, बाकी सगळं त्याभोवती. १८१५ मध्ये तो गेला आणि काम अर्धवट राहिलं. या परंपरेतला मला सर्वांत हवासा ग्रंथ हाच, न लिहिला गेलेला.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत या ग्रंथांचं पेवच फुटलं. मिलार्ड एरिक्सन (१९८३–८५) समतोल, सर्व बाजू ऐकणारा, वर्गात उपयोगी आणि थोडा कंटाळवाणा. जेम्स लिओ गॅरेटचे दोन खंड (१९९०, १९९५) म्हणजे कोणी कुठे काय म्हटलं याची अफाट नोंदवही. गॅरेटचं स्वतःचं मत शोधावं लागतं. स्टॅन्ली ग्रेन्झने समुदाय हे सूत्र धरून सगळं ओवलं. सूत्र चांगलं, अधूनमधून ताणलेलं.

जेम्स मॅक्लेंडनने सगळ्यांची मांडणीच उलटी केली. त्याच्या तीन खंडांतला पहिला (१९८६) नीतीवर आहे, सिद्धान्त दुसऱ्यात. मंडळी कशी जगते ते आधी, ती काय शिकवते ते मग. भाषा अवघड, आणि आडवाटेला जायची सवयही त्याला आहे. तरी डॅग-बॉइसांच्या ग्रंथांना विचारायच्या प्रश्नाचं उत्तर इथल्या रचनेतच आहे. एकच ग्रंथ घ्यायचा तर मी हा घेईन आणि शेजारी डॅग ठेवीन.

वेन ग्रूडेमचा १९९४ चा ग्रंथ सर्वांत सोपा आणि जगभर खपलेला. प्रत्येक प्रकरणाला प्रश्न आणि स्तोत्र जोडलेलं. सोपेपणाची किंमतही आहे : विरुद्ध मत उभं राहायच्या आतच निकालात निघतं. पण मागून उघडला तर इथे एक रोचक गोष्ट सापडते. बालबाप्तिस्मा मानणारे आणि न मानणारे एकाच मंडळीत नांदू शकतील, अशी तडजोड ग्रूडेमने आधी सुचवली होती. पुढे त्याने ती मागे घेतली, कारण दोन्ही बाजूंना स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध वागावं लागेल. उत्तर भारतात हीच तडजोड १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात प्रत्यक्ष झाली. बॅप्टिस्ट त्यात अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन यांच्याबरोबर सामील झाले आणि दोन्ही पद्धती मान्य ठरल्या. पन्नासहून अधिक वर्षं चाललेल्या त्या व्यवहाराला ज्याच्या मंडळीच्या प्रकरणात जागा असेल, असा बॅप्टिस्ट ग्रंथ माझ्या कपाटात अजून आलेला नाही.