'जंगल बुक' मालिकेचा हिंदी ध्वनी : बालमालिकांच्या अर्धवट जतनाचा प्रश्न

सारांश

दूरदर्शनवरून १९९३ साली प्रसारित झालेल्या 'जंगल बुक' या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या हिंदी डबिंगचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. डबिंग ही मूळ कलाकृतीला जोडलेली तांत्रिक सोय नसून ती स्वतंत्र भाषिक निर्मिती असते. चित्र टिकले म्हणजे मालिका टिकली, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : डबिंग, बालमालिका, दूरदर्शन, ध्वनिजतन, रूपांतर.

१. प्रास्ताविक

मराठी समीक्षेने बालसाहित्याची दखल उशिरा घेतली आणि दूरचित्रवाणीवरील बालमालिकांची दखल तर फारशी घेतलीच नाही. वास्तविक विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या झालेल्या पिढीच्या कल्पनाविश्वावर या मालिकांचा ठसा पुस्तकांहून कमी नाही. केबल सर्वदूर पोचण्यापूर्वीच्या काळात मुंबईपासून यवतमाळलगतच्या लोहाऱ्यापर्यंत छपरावरील अँटिना बहुतांशी एकाच प्रसारणसंस्थेकडे वळलेला असे. रविवारच्या सकाळी लागणारी 'जंगल बुक' त्यामुळे घरोघरी एकाच आवाजात ऐकली गेली.

अशा मालिकेचे तीन घटक असतात : चित्र, मूळ भाषेतील ध्वनी आणि भाषांतरित ध्वनी. यांपैकी एखादा घटक नष्ट झाला, बदलला गेला किंवा त्याच्या कर्त्यांची नोंद उरली नाही, तर ती मालिका अंशतः हरवली असे म्हटले पाहिजे.

२. कथेचा प्रवास

रडयार्ड किपलिंग यांचे 'द जंगल बुक' १८९४ साली आणि त्याचा दुसरा भाग १८९५ साली प्रसिद्ध झाला. यांतील मोगलीच्या कथा सिवनीच्या डोंगराळ भागात आणि वैनगंगेच्या परिसरात घडतात. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा पुढे पूर्व विदर्भातून वाहते. यवतमाळच्या सीमेवरून जाणारी वर्धा नदी तिला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. म्हणजे कथेचे रान विदर्भाच्या उंबरठ्यावरचेच आहे. या रानाची गोष्ट मात्र इंग्रजीत लिहिली गेली, टोकियोत चित्रित झाली आणि हिंदीतून विदर्भात परतली.

निप्पॉन ॲनिमेशनने निर्मिलेली ५२ भागांची ही मालिका १९८९-९० मध्ये जपानमध्ये प्रसारित झाली. आठवड्याला एक भाग या गतीने चालणाऱ्या मालिकेला किपलिंगच्या मोजक्या कथा पुरणाऱ्या नव्हत्या. साहजिकच नवी पात्रे आणि नवे प्रसंग आले. किची हा लाल पांडा त्यांपैकी एक. लाल पांडा हा पूर्व हिमालयातील प्राणी असून सिवनीच्या पानझडी जंगलाशी त्याचा काही संबंध नाही. जपानी निर्मात्यांनी भारतीय भूगोलापेक्षा बालप्रेक्षकाचा जिव्हाळा महत्त्वाचा मानला, हे यावरून स्पष्ट होते. त्याला दोष म्हणण्यापेक्षा रूपांतरकाराने केलेली निवड म्हणणे योग्य होईल.

३. नावांची घरवापसी

हिंदी डबिंगचे पहिले वैशिष्ट्य नावांत आहे. अकेला, रक्षा, बालू, बघीरा, हाथी ही नावे किपलिंगने हिंदुस्थानी शब्दांवरूनच घेतली. इंग्रज किंवा जपानी मुलाला ती केवळ अपरिचित नादांसारखी ऐकू येतात. हिंदीत येताच त्यांना अर्थ फुटतो. कळपाच्या म्होरक्याचे नाव 'अकेला' असणे, यातील विरोध हिंदी जाणणाऱ्या मुलाला कोणी समजावून द्यावा लागत नाही. भाषांतरात काहीतरी गमावले जाते, असे सामान्यतः मानले जाते. येथे भाषांतराने मूळ इंग्रजीत झाकलेला अर्थ उघडा केला.

मराठी मुलाच्या बाबतीत हा अर्थ आणखी एक वळण घेतो. हिंदीत 'भालू' म्हणजे अस्वल, तर मराठीत भालू म्हणजे कोल्ही. मराठीत डबिंग करणाऱ्यास या एका नावासाठी थांबून विचार करावा लागला असता. विदर्भातील मुलांनी ही मालिका हिंदीतून सहज स्वीकारली, यामागे प्रदेशातील हिंदीचा वावर आहेच. परंतु त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ज्या रानाची ही कथा, तेथील गोंड समाजाची गोंडी या ध्वनीत कोठेच नाही. किपलिंगच्या कथेत गोंड शिकारी निदान पाऊलखुणांतून भेटतो. गोंड आणि कोलाम वस्ती असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील मुलाला मात्र जंगलाची भाषा म्हणून प्रमाण हिंदीच ऐकावी लागली. ही या डबिंगची मर्यादा होय.

४. शेरखानचा आवाज

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे नाना पाटेकर यांनी शेरखानला दिलेला आवाज. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटात जॉर्ज सँडर्स यांचा शेरखान सुसंस्कृत, थंड आणि उपहासगर्भ बोलतो. नानांचा शेरखान याच्या अगदी उलट आहे. तुटक वाक्ये, शब्दांमधील अनपेक्षित विराम आणि दबलेला संताप ही त्याची लक्षणे. जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकातील गुलाबराव ज्यांना परिचित आहे, त्यांना ही जरब मराठी रंगभूमीवरून आलेली आहे, हे ओळखू येते. जपानी चित्रातील वाघाच्या घशात अशा रीतीने मराठी रंगभूमीचा एक आवाज उतरला. गुलजार यांची शब्दरचना आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत असलेले शीर्षकगीत हीदेखील मूळ मालिकेत नसलेली, येथे घडलेली निर्मिती आहे. डिस्नेच्या २०१६ च्या 'द जंगल बुक' चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत शेरखानसाठी पुन्हा नानांचाच आवाज घेण्यात आला आणि प्रसिद्धीसाठी तेच गीत नव्याने ध्वनिमुद्रित झाले. चित्र संपूर्ण बदलले तरी आवाजाची ओढ टिकली, याहून डबिंगच्या स्वतंत्र मूल्याचा वेगळा पुरावा नको.

५. जतनाचा प्रश्न

या मालिकेचे भाग्य तुलनेने चांगले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली. तथापि, नाना, गुलजार आणि भारद्वाज ही नावे सोडली तर हिंदी संवाद लिहिणारे, डबिंगचे दिग्दर्शन करणारे आणि इतर पात्रांना आवाज देणारे कलावंत सामान्य प्रेक्षकाच्या स्मरणात नाहीत.

अन्य उदाहरणे अधिक बोलकी आहेत. युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांचा 'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा भारत-जपान सहकार्यातील चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांत उजळलेल्या चित्रासह आला, परंतु हिंदी ध्वनी नवा होता. अरुण गोविल यांचा राम आणि अमरीश पुरी यांचा रावण ज्या जुन्या हिंदी आवृत्तीत ऐकू येत होते, ती बाजूला पडली. चित्राचा जीर्णोद्धार झाला, आवाजाचा झाला नाही.

याउलट ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोम' (१९६३-६६) मालिकेतील चौतिसाव्या भागाची मूळ जपानी प्रत उरली नाही. जपानमधील संचात तो भाग इंग्रजी डबिंगच्या रूपानेच द्यावा लागला. भाषांतरानेच मुळाला वाचवले, असे हे उदाहरण आहे. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेचे अनेक जुने भाग पुसले गेले; प्रेक्षकांनी घरी मुद्रित केलेला ध्वनी मात्र उरला आणि २००६ पासून त्यावर नवी ॲनिमेशन चित्रे चढवून काही भाग पुन्हा उभे करण्यात आले.

मराठीपुरते बोलायचे तर पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये सुरू झाली, तिने शालेय मुलांसाठी मोठ्या संख्येने मराठी कार्यक्रम निर्माण केले आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. संस्था बंद होते तेव्हा तिच्या टेपांचा अर्थ सांगणारी माणसेही पांगतात. पुस्तके व वृत्तपत्रे ग्रंथालयांत जमा करण्याचे बंधन १९५४ च्या कायद्याने व १९५६ च्या दुरुस्तीने घातले. प्रसारित कार्यक्रमांना हा कायदा लागू नाही. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. दूरचित्रवाणीचे जतन मात्र मुख्यतः प्रसारकाच्या मर्जीवर राहिले.

६. निष्कर्ष

१) डबिंग ही स्वतंत्र निर्मिती असून तिची समीक्षा भाषा, आवाज आणि प्रदेश या तिन्ही अंगांनी व्हावयास हवी.

२) मालिकेची एखादी भाषिक आवृत्ती नाहीशी होणे म्हणजे तेवढ्या प्रमाणात ती कलाकृती हरवणे होय, नवे डबिंग जुन्याची जागा घेऊ शकत नाही.

३) हे काम केवळ मोठ्या संस्थांचे नाही. जुन्या वृत्तपत्रांतील दूरदर्शनच्या कार्यक्रमपत्रिका संकलित करणे, घरगुती व्हिडिओ कॅसेटींची सूची करणे आणि डबिंग कलावंतांच्या मुलाखती नोंदवणे महाविद्यालयांतील भाषा व इतिहास विभागांना अल्प खर्चात शक्य आहे.

चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते आणि ज्यांनी त्या काळी आवाज दिले त्यांचेही वय वाढत आहे. म्हणून या कामात मुलाखतींना अग्रक्रम द्यावा लागेल. फितीवरील आवाज उद्या कदाचित एखाद्या घरातील कपाटात सापडेल. तो कोणाचा, हे सांगणारा माणूस तेव्हा असेलच असे नाही.