शिवजन्मतिथीचे साक्षीदार : मोजावे कीं तोलावे?

शिवनेरी हा मंचर-जुन्नरकडील संग्राहकांचा शेजारचा किल्ला. तेथें झालेल्या शिवजन्माच्या तिथीचा वाद जुना आहे. पण साधनांची पारख कशी करावी हें शिकण्यास त्याहून चांगलें उदाहरण आम्हांस दिसत नाहीं.

मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरींत शके १५४९, वैशाख शुद्ध २ (इ. स. १६२७) ही तिथि आहे, जेधे शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवार (१९ फेब्रुवारी १६३०) ही आहे. पहिल्या तिथीसाठीं बखरींची संख्या पुढें करणें सोपें आहे. परंतु एकीवरून दुसरी उतरली असेल तर दहा बखरी म्हणजे एकच साक्षीदार दहा वेळां बोलला, इतकेंच. शिवाय चिटणीसांनीं लिहिलें तें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे जन्मानंतर पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळानें.

तथापि शकावलीहि डोळे मिटून स्वीकारूं नये. लो. टिळकांनीं १९१६ सालीं प्रकाशांत आणलेली ही शकावली कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची. जेथें जेध्यांच्या पराक्रमाचा किंवा वतनाचा संबंध येतो, तेथें घरच्या अभिमानाची वजावट करावीच. परंतु शिवजन्म सुमारें तीन वर्षें पुढें ढकलून जेध्यांस कोणतें वतन मिळणार होतें? शिवाय तिथीबरोबर वार दिलेला आहे. तो गणितानें पडताळतां येतो, आणि तो जुळतो.

परमानंदाचें शिवभारत तर उघड स्तुतिकाव्य. स. म. दिवेकरांनीं १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या या काव्यांत जन्मकालीं पांच ग्रह उच्चीचे सांगितले आहेत. फाल्गुनांत सूर्य मेषेस नसतो. तेव्हां तें विधान आम्ही स्तुतीच्या खातीं टाकतों. परंतु त्याच ठिकाणीं दिलेली शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि महाराजांच्या हयातींत, त्यांच्याच आश्रयानें लिहिली गेली. राजपुतान्यांत सांपडलेली जन्मकुंडलीहि तीच तिथि देते. तिला जेध्यांचा वा परमानंदाचा पक्ष घेण्याचें कांहीं कारण नव्हतें.

तात्पर्य, निकाल संबंध साधनाचा न देतां एकेका कलमाचा द्यावा. लिहिणारा कोण, किती काळानें लिहितो, कशावरून लिहितो आणि खोटें लिहून त्यास काय लाभ, हे चार प्रश्न प्रत्येक कलमास विचारावे. म्हणूनच घोडेगांव-मंचराकडे एखादें दप्तर हातीं आलें तर त्यांतील देखणा कागद तेवढा सुटा काढूं नये, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे. रुमालांतून सुटलेल्या कागदाचें घराणें हरवतें. आणि घराणें हरवलेल्या साक्षीदारास हे प्रश्न विचारावे तरी कोणत्या आधारें?